भिंतीवरचं चित्र आणि जंगलाचा दावा
(कचारगडच्या यात्रेत कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेलं बोलणं, आहे तसं)

 

आताच तेंदूच्या भावावर आणि अडकलेल्या दाव्यांवर बोलणं झालं. मला चित्रांवर बोलायला सांगितलं, तर मागून कोणी म्हणालं, जमीन सोडून चित्र कायले? सांगतो.

पाटनगड नावाचं गाव आहे, जुन्या मंडला जिल्ह्यातलं, आता दिंडोरीत. तिथले जनगढसिंह श्याम परधान होते. परधान म्हणजे यजमानाच्या दारी बाना वाजवून देवाची, कुळाची गाणी म्हणणारा, हे तुम्हाला सांगायला नको. जनगढ घराच्या भिंतीवर चित्रं काढत. भोपाळच्या भारत भवनाचे चित्रकार स्वामिनाथन, त्यांच्या माणसांनी ती भिंत पाहिली आणि जनगढला शहरात नेलं. 1982 ला भारत भवन उघडलं. 1989 ला जनगढची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. स्वामिनाथनचं एक मानलं पाहिजे. त्यांनी आदिवासीचं काम शहरी चित्रकाराच्या कामासोबत एकाच इमारतीत ठेवलं. नाहीतर आपलं काम 'हस्तकला' म्हणून टोपल्यांच्या दुकानात जातं, करणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

जनगढच्या मागून पाटनगडची पोरं, बाया भोपाळला गेल्या, चित्रावर घरं चालली. पण 2001 ला जनगढ जपानच्या एका संग्रहालयात पगारावर चित्रं काढत होते. मुक्काम लांबला, घराची ओढ होती. तिथंच त्यांनी आत्महत्या केली. वय चाळिशीचं. मोठं नाव झालं तरी परक्या मुलखात माणूस एकटाच असतो, बाप्पा.

आपल्याच राज्यात डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. वारल्यांचा लग्नचौक सवाशिणी काढायच्या, जिव्यांनी तो कागदावर, कापडावर आणला आणि जगभर नेला. आज तीच माणसं कपावर, साडीवर कोणीही छापतो. त्यातला किती पैसा पाड्यावर पोचतो, ते तिथल्या बायांना विचारा.

आता जमिनीचं. ऑस्ट्रेलियात यिरकला इथल्या योल्ंगू लोकांच्या जमिनीवर खाण येणार होती. 1963 ला त्यांनी झाडाच्या सालीवर आपल्या कुळांची चित्रं काढून, मधे अर्ज चिकटवून संसदेला पाठवला. कोर्टात ते 1971 ला हरले, पण लढा थांबला नाही आणि 1976 ला त्या भागासाठी जमीनहक्काचा कायदा झाला. दुसरीकडे वाळवंटातल्या नगुरारा लोकांनी 1997 ला साधारण आठ मीटर बाय दहा मीटरचं एकच कापड रंगवलं. आपापल्या पाणवठ्यावर उभं राहून प्रत्येकानं सांगितलं, ही माझी जागा. तो पुरावा धरला गेला. 2007 ला हक्क मिळाला.

आपल्या वनहक्काच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. त्यात सयान्यांचं लेखी निवेदन आहे, वंशावळ आहे, देवस्थळ, मसणवट, विहीर आहे. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. पटवाऱ्याचा कागद नाही म्हणून दावा परत करतात, तेव्हा हे वाचून दाखवा. परधानाच्या गाण्यातली कुळाची नावं लिहून घ्या, ती वंशावळीला लागतील. आणि त्याच कायद्याच्या कलम 3 मध्ये पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क लिहिला आहे. त्या जोरावर आपण म्हणायचं, कथा आणि चित्र एकट्याचं नाही, गावाचं आहे.

म्हणून शहरातून गॅलरीचा माणूस आला तर हाकलू नका, पण ग्रामसभेत बसवा. चित्र घेतलं की पावती. तीवर काढणाऱ्याचं नाव, गाव, किंमत, आणि विकायला नेलं असेल तर परत करायची तारीख. चित्राचा फोटो आपल्याजवळ. छापायचा हक्क वेगळा, त्याचे पैसे वेगळे. कॉपीराइट कायद्याचं कलम 53-अ सांगतं, की चित्र पुढे दहा हजारांवर विकलं गेलं तर काढणाऱ्याला किंवा वारसाला वाटा मागता येतो, दहा टक्क्यांपर्यंत. पावतीच नसेल तर कशाच्या जोरावर मागणार? देवाच्या कामाचं चित्र मात्र द्यायचं की नाही, ते सयान्यांनी ठरवावं. पैसेवाल्यानं नाही.

पुढच्या ग्रामसभेला मोठा कागद, गेरू आणि चुना आणा. बाया, गुराखी, मोहफुलं वेचणारे, सगळ्यांनी यावं. नाले, देवराया, जुन्या पाड्याच्या जागा त्यावर काढायच्या, प्रत्येक जागेचं नाव गोंडीत आणि मराठीत. खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे.