शनिवार आला की...

भाताची लावणी उरकली असेल, तर चार घटका बसा.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा मुलगा १५ वर्षांचा आहे. लोणावळ्याच्या रस्त्याला लागून घर. मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. बोलतो अगदी मोजकं. गेल्या पावसाळ्यात तो भिंतीवर डोकं आपटू लागला. जेवेना, रात्र रात्र जागा. कुणी म्हणालं हट्टी आहे, कुणी म्हणालं बाहेरचं लागलंय, नारळ उतरवा. ताई पार खचल्या.

मग आम्ही कालनिर्णय घेऊन बसलो. त्रास झाला की त्या तारखेला गोल करायचा. महिनाभराने पाहिलं, तर जवळजवळ सगळे गोल शनिवार-रविवारचे! पर्यटकांच्या गाड्या, हॉर्न, शेजारच्या टपरीचा जनरेटर, वर पत्र्यावर पाऊस. आपल्या अंगवळणी पडलेला आवाज अशा काही मुलांना सोसत नाही. सांगता येत नाही, मग ती स्वतःलाच मारून घेतात.

ताईंनी मागची खोली त्याच्यासाठी मोकळी केली. आवडती गोधडी तिथे ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी त्या गाड्यांचं चित्र काढून सांगतात, "उद्या गाड्या येणार. तू इथे बसायचं." डोकं आपटणं बरंच कमी झालं. झोप मात्र येईना, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्याला चिंतेचा त्रास होता. आता उपचार चालू आहेत.

बायांनो, स्वमग्नता ही जन्मापासूनची घडण आहे, तिला आजार म्हणू नका. पण अशा मुलांनाही चिंता आणि उदासी येते, आणि त्यावर उपचार होतात. झोप-जेवण बदललं, आवडतं काम सुटलं, स्वतःला इजा करू लागलं, तर "ऑटिझमच आहे" म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता धरलेली आहे, तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा.

आणि त्या आईचं काय? आम्ही पाळी लावली आहे. दर रविवारी आमच्यातली एक जण तासभर मुलाजवळ बसते. ताई तेवढ्यात झोप काढतात.

तुमच्या वाडीतही असं घर असेल. आज एकदा जाऊन या.