अन्न आणि रोगप्रतिकारक शक्ति
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



याईराच्या बारा वर्षांच्या कन्येची कथा आपणां सर्वांस परिचित आहे. प्रभु येशूनें हात धरून तिला मृत्युशय्येवरून उठविलें, आणि लगेच तिला कांहीं खावयास देण्यास सांगितलें. एवढा मोठा चमत्कार घडल्यावरहि प्रभूला त्या मुलीच्या जेवणाचें विस्मरण झालें नाहीं. या मंगल प्रसंगीं आरोग्याविषयीं चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, तेव्हां याच प्रसंगाचा आधार घ्यावा असें आम्हीं ठरविलें.

रोगजंतूंशीं झगडण्याची शक्ति परमेश्वरानें प्रत्येक देहांत ठेविली आहे; परंतु ती अन्नावांचून टिकत नाहीं. जंतूंचा नाश करणाऱ्या पांढऱ्या पेशी व प्रतिपिंडें घडविण्यास प्रथिनें लागतात. अ जीवनसत्त्व श्वासनलिका व आंतडीं यांचें अस्तर शाबूत राखतें. जस्त कमी पडल्यास या पेशी दुबळ्या होतात. अन्न अपुरें झालें कीं रोग शिरतो; रोग आला कीं भूक मरते, आणि ताप उरलेंसुरलें बळ खाऊन टाकतो. हें दुष्टचक्र कित्येक घरांचा घात करितें.

याचा आरंभ मातेच्या उदरापासून होतो. गर्भवती स्त्री अर्धपोटीं राहिली, तर बालक कमी वजनाचें व रोगाशीं झुंजण्यास दुबळें जन्मण्याचा धोका वाढतो. प्रसूतीनंतरच्या पहिल्या पिवळसर चिकाच्या दुधांत प्रतिपिंडें विपुल असतात. तें पिळून टाकून अर्भकास मध किंवा गुळाचें पाणी चाटविण्याची रूढि जेथें अद्याप असेल, तेथें ती आजच बंद व्हावी. पहिले सहा महिने केवळ आईचें दूध द्यावें. पुढें दुधासोबत मऊ भात, वरण, अंडें, मासळी व पालेभाजी द्यावी. १९८६ सालीं डॉ. आल्फ्रेड सॉमर व त्यांचे सहकारी यांनीं इंडोनेशियांतील आचे प्रांताचा अभ्यास प्रसिद्ध केला. अ जीवनसत्त्व दिलेल्या गांवांत बालमृत्यु सुमारें एक तृतीयांशानें कमी आढळले. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पिकली पपई हीं आपल्या परसांतील अन्नें याच गुणाचीं आहेत.

प्रौढ वयांतहि हाच नियम लागू आहे, आणि त्याचें उत्तम प्रमाण आपल्याच देशांत मिळालें. झारखंडांत २०१९ ते २०२२ या काळांत २,८०० क्षयरोगी व त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसें यांचा अभ्यास झाला. रोग्यांस शिधा सर्वत्र मिळे. पण कांहीं गांवांत घरांतील इतर प्रौढ माणसांसहि दरमहा प्रत्येकी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या किमान सहा महिने दिल्या गेल्या. त्या घरांत नवा क्षय होण्याचें प्रमाण ३९ टक्क्यांनीं घटलें. मूठभर डाळतांदुळांनीं केवढें हें काम केलें!

वार्धक्यांत ही शक्ति आपोआपच क्षीण होते. दांत जातात, रुचि जाते, आणि आजीआजोबा चहांत पाव बुडवून दिवस काढतात. त्यांस मऊ वरणभात, अंडें, दूध व मासळी मिळावी. अतिसेवनहि घातकच आहे. लठ्ठपणामुळें मधुमेहाचा धोका वाढतो, व मधुमेही माणसास क्षयाचें भय दोन ते तीन पट अधिक असतें. मात्र सकस अन्न हें लस किंवा औषध यांची जागा घेऊं शकत नाहीं. तिन्ही एकत्र असावींत.

आतां एक कठोर प्रश्न विचारावयाचा आहे. आपल्या घरांत शेवटीं कोण जेवतें? मासळीचा मोठा तुकडा कोणाच्या ताटांत पडतो, आणि नुसतें कालवण कोणाच्या? पुष्कळ घरीं उत्तर एकच येईल: शेवटीं आई, सून किंवा मुलगी. प्रभूनें ज्या बालिकेच्या जेवणाची चिंता केली, ती मुलगीच होती.

प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण रोजची भाकर मागतों, ती ‘माझी’ म्हणून नव्हे, ‘आमची’ म्हणून. म्हणून या महोत्सवीं आपण एवढाच निश्चय करूं या: घरांत सर्वांनीं एकत्र बसून सारखें जेवावें, आणि आपल्या आळींत कोणास क्षय झाला, तर प्रायश्चित्तकाळांतील उपवासांत वांचलेला पैसा त्या संपूर्ण कुटुंबाच्या डाळतांदुळाकरितां द्यावा. असा निश्चय पाळण्याचें बळ परमेश्वर आपणां सर्वांस देवो!