सोडायचं काय, ते तू ठरव



आपल्या शाळेच्या मुख्याध्यापक बाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "रेल्वेतल्या नोकरीच्या संधींवर मुलांना मार्गदर्शन करा." मी हो म्हटलं, टिपणंही काढली. पण आज फाटकातून आत आलो आणि चिंचेला टांगलेली आपली घंटा दिसली. रुळाचा तो हातभर तुकडा अजून तिथेच आहे. तो पाहून बोलायचा विषयच बदलला.

मी इथे शिकत होतो तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात रेल्वे नव्हती. गाडी बघायची तर कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठायची. त्यामुळे गाडी दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी आम्ही रूळ ऐकला. पावसात त्याचा आवाज जड यायचा. पहिला टोला पडायचा तेव्हा आम्ही वहाळावरच्या साकवावर असायचो, दप्तर छातीशी धरून धावत सुटायचो आणि प्रार्थना सुरू होता होता रांगेत शिरायचो. माझं वेळेचं पहिलं शिक्षण त्या टोल्यांनी केलं.

दुसरं शिक्षण ज्या सरांनी केलं, ते पुढच्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्ही आलात, फार बरं वाटलं. दहावीच्या पूर्वपरीक्षेत भूमितीच्या एका प्रश्नावर मी अडून बसलो. सुटेल, आत्ता सुटेल, असं करत पाऊण तास गेला आणि येणारी तीन गणितं कोरी राहिली. सरांनी पेपर समोर ठेवून विचारलं, "ही तीन सोडायची, हे कोणी ठरवलं?" मी म्हणालो, "कोणी नाही सर, वेळ संपला." सर म्हणाले, "म्हणजे घड्याळाने ठरवलं. पुढच्या वेळी सोडायचं काय, ते तू ठरव."

हे वाक्य मला खऱ्या अर्थाने समजलं ते नोकरीत. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तिथे मी आधी स्टेशन मास्तर होतो, पुढे रत्नागिरीला सेक्शन कंट्रोलर झालो. रोहा ते वीर हा तुकडा 2021 मध्ये दुहेरी झाला, पण बाकी बहुतेक मार्ग आजही एकेरी आहे. समोरासमोरून दोन गाड्या येत असतील तर एकीला स्टेशनात लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायचं आणि दुसरीला पुढे सोडायचं. कोणाला थांबवायचं, हे कंट्रोलर ठरवतो. त्याने ठरवायला उशीर केला तर एकाऐवजी दोन्ही गाड्या उभ्या राहतात.

रत्नागिरीला आणि वेर्ण्याला अपघात वैद्यकीय गाडी कायम तयार असते. ती अपघाताच्या जागी निघाली की राजधानीसुद्धा बाजूला उभी राहते. त्या वेळी प्रवासी चिडतात, फोन येतात. पण सगळ्यांना खूश ठेवायला गेलो तर कुणाचा तरी जीव जाईल, हे कंट्रोलरला पक्कं ठाऊक असतं.

तुम्हाला गणित आवडतं का? मग एक हिशोब सांगतो. दिवसाची मिनिटं 1440. एकेरी मार्गावर दिवसात किती गाड्या चालतील, हे काढायला स्कॉटचं सूत्र आहे. सर्वांत संथ गाडीला त्या भागातल्या सर्वांत अडचणीच्या दोन स्टेशनांमधलं अंतर कापायला समजा 19 मिनिटं लागतात आणि पुढच्या गाडीसाठी मार्ग मोकळा करून द्यायला 5. मिळून झाली 24. 1440 ला 24 ने भागलं की येतात 60. पण रेल्वे 60 गाड्या धरत नाही. त्याचे सत्तर टक्के घेते, म्हणजे 42. उरलेले तीस टक्के रुळांच्या देखभालीला, उशिराला, अचानक आलेल्या अडचणीला. साठ गाड्या कागदावर बसतात, रुळावर बसत नाहीत. पावसाळ्यात तर आमचं वेळापत्रकच वेगळं असतं. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की वेग ताशी 40 किलोमीटरवर आणायचा. उशीर होणार हे आधीच मान्य करून तो वेळापत्रकात लिहायचा, म्हणून गाड्या सुखरूप पोचतात.

मुलांनो, नोकरीच्या संधी तुम्हाला सर सांगतील, बाई सांगतील. मी एकच गोष्ट मागतो. रोज रात्री झोपण्यापूर्वी वहीच्या शेवटच्या पानावर उद्या काय करणार नाही ते लिहा. करायच्या कामांची यादी सगळेच करतात. तुम्ही न करायच्या कामांची करा. दोनच ओळी, पण स्वतःच्या हाताने. कारण तुम्ही ठरवलं नाही तरी काहीतरी सुटणारच आहे. आणि आपोआप सुटतं ते बहुतेक वेळा सर्वांत मोलाचं असतं, कारण ते हॉर्न वाजवत नाही. मोबाइल हॉर्न वाजवतो. आजी वाजवत नाही.

हे मी अनुभवाने बोलतो. माझी मुलगी शाळेत असताना तिची आठ स्नेहसंमेलनं झाली. मी एकाही संमेलनाला गेलो नाही. तिने जिजाऊंची भूमिका केली, त्याचा मी फक्त फोटो पाहिला. वर्षानुवर्षं मी म्हणत आलो, ड्युटी होती. निवृत्तीनंतर जुन्या डायऱ्या काढून बसलो. आठपैकी दोनच दिवशी ड्युटी होती. उरलेले सहा दिवस मी कुणाला तरी 'येतो' म्हणून शब्द दिला होता. कधी पतपेढीची सभा, कधी कुणाचा सत्कार. दिवसभर गाड्यांचा क्रम लावणाऱ्या माणसाने घरचा क्रम लावला नाही. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे, म्हणून हे इथे उभं राहून सांगतो.

पालकांनो, तुमच्या मुलाचा दिवस मला ठाऊक आहे. सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास, रविवारी स्पर्धा परीक्षा. साठच्या साठ गाड्या तुम्ही भरल्या आहेत. त्यातले तीस टक्के मोकळे करा. त्या मोकळ्या वेळात ते मूल वहाळावर जाईल, आजोबांजवळ बसेल, नुसतं आढ्याकडे बघत पडेल. त्याला पडू द्या.

आणि दहावीच्या मुलांनो, महिन्याभरात तुमची परीक्षा. पेपर हातात आला की आधी पूर्ण वाचा. अडलेल्या प्रश्नाला लूपला घ्या. तो रद्द झालेला नाही, वेळ उरला की त्यालाही सोडायचं आहे. नाही उरला, तर तो तुम्ही सोडलेला असेल. घड्याळाने नव्हे.

माझ्याजवळ अजून दोन पानं आहेत. पण विंगेत कोळीनृत्याची मुलं तोंडाला रंग लावून केव्हाची उभी आहेत, आणि कामाचा खाडा करून आलेले त्यांचे बाबा मला इथून दिसत आहेत. ही दोन पानं आज वाचायची नाहीत, असं मी ठरवलं आहे. मुलांना सिग्नल द्या.