परदेशी जाणाऱ्या गणेशमूर्तींचे वाहतूकभाडे



आपल्या वडखळशेजारच्या पेण-हमरापूरच्या गणेशमूर्ती परदेशी जातात याचे कौतुक सर्वांस आहे. भाड्याचा हिशेब मात्र थोड्यांसच ठाऊक. "मूर्तीहून भाडे अधिक कसे?" असे परदेशस्थ आप्त विचारतात आणि संशय बिचाऱ्या मूर्तिकारावर येतो.

विमानाचे भाडे वजन व आकारमान यांपैकी जे अधिक भरेल त्यावर आकारतात. सामान्यतः 6,000 घनसेंटिमीटर जागा म्हणजे एक किलो. 120 सेंटिमीटर उंच व 90 सेंटिमीटर लांब-रुंद पेटीचे 162 किलो होतात, मग आतील मूर्ती साठच किलोंची का असेना! म्हणजे भाडे बहुतांशी पोकळीचेच. न्हावाशेव्याहून जहाजाने तीच पेटी पुष्कळ स्वस्तात जाते. परंतु प्रवास कित्येक आठवड्यांचा, म्हणून मागणी चतुर्थीच्या बरेच महिने आधी नोंदवावी.

पेटीत भाताचा पेंढा भरू नये. कित्येक देश तो किडीच्या भयाने बंदरातच अडवितात. पेटीच्या लाकडावरही उष्णोपचाराचा शिक्का लागतो. विमा उतरविला तरी बांधणी अपुरी ठरल्यास मोडलेल्या सोंडेची भरपाई सहसा मिळत नाही. तेव्हा काटकसर बांधणीत नको, जागेत करावी : प्रभावळ सुटी घडवून मूर्तीच्या पाठीशी आडवी ठेवावी, आणि मूर्ती, पेटी, भाडे व विमा यांचे आकडे ग्राहकास निरनिराळे लिहून द्यावेत.