ड्रोनच्या डोळ्यावरचा गॉगल

एनडी फिल्टर म्हणजे रंग न बदलता उजेड कमी करणारी काच. ती किती गडद हवी, हे आभाळापेक्षा शटर ठरवतं. सेकंदाला २५ चित्रं घेताना शटर १/५० सेकंद ठेवलं, तर हालचाल सलग वाटते. लख्ख उन्हात, एफ २.८ ॲपर्चर आणि आयएसओ १०० असताना मात्र ते १/३२०० च्या आसपास जातं. पळती झाडं तुटक दिसतात. फरक ६४ पट, म्हणून एनडी ६४. कुणी म्हणेल, शंभर मीटरवरून हे दिसतं कुठे? खरंय, तिथून जमीन सावकाश सरकते. फिल्टर नसला तरी चालतं. गरज भासते ती झाडांच्या शेंड्यांलगत उडताना. संध्याकाळी मात्र हीच गडद काच ठेवली, तर आयएसओ वाढून चित्रात दाणे उमटतात.