तीन सह्यांचा हक्क

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)





मी गिरणीत साच्यावर उभं राहून आयुष्य काढलेला माणूस. शाळा थोडी झाली. पुढचं शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झालं. आज मला अमेरिकेतल्या एका कायद्याविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं आपल्याला काय? पण गिरण्या तिथेही होत्या, गेटवर नोटीस तिथेही लागली. परदेशी मालामुळे ज्याचं काम गेलं, त्या कामगारासाठी तिथल्या सरकारने साठ वर्षे एक योजना चालवली. ती कशी आली, कोणाला मिळाली आणि कशी गेली, हे आपण समजून घेतलं पाहिजे.

या योजनेमागचा विचार एका कामगार पुढाऱ्याने मांडला. पोलाद कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनाल्ड हे परदेशी व्यापाराविषयीच्या सरकारी आयोगाचे सदस्य होते. १९५४ च्या सुमारास त्यांनी सांगितले की, स्वस्त माल आल्याने फायदा साऱ्या देशाचा होतो, पण किंमत मोजतात ती काही हजार घरे. तेव्हा दार ज्याने उघडले त्या सरकारने या घरांचा भार उचलावा. बंधूंनो, यातला मुद्दा लक्षात घ्या. ही भीक नव्हे, हे देणं आहे.

१९६२ साली अध्यक्ष केनेडी यांच्या काळात हे कायद्यात आले. पण कायद्यात आले म्हणजे हातात आले असे नाही. सरकारने जकात कमी केल्यामुळेच आयात वाढली आणि त्या आयातीमुळेच प्रामुख्याने काम गेले, असे सिद्ध करायचे होते. ते इतके अवघड होते की १९६९ पर्यंत एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही. सात वर्षे कायदा होता, पण पदरात शून्य! तिथल्या युनियनवाले या मदतीला अंत्यविधीचा विमा म्हणू लागले.

१९७४ च्या कायद्याने अटी सैल केल्या. आयात हे एक महत्त्वाचे कारण आहे एवढे दिसले तरी पुरे, असे ठरले. अर्ज कामगार खात्याकडे करायचा. मला सर्वात मोलाची वाटते ती गोष्ट अशी की, युनियन नसली, मालक सहकार्य करीत नसला, तरी फक्त तीन कामगारांनी सह्या करून अर्ज द्यावा. तो मंजूर झाला की त्या खात्यातून कमी झालेल्या सगळ्यांना लाभ. नामंजूर झाला तर कोर्टात दाद मागता येई. मात्र अर्जाच्या एक वर्षाहून आधी ज्याला काढले, तो त्या अर्जात बसत नसे.

मिळायचे काय? नवीन कामाचे सरकारी खर्चाने प्रशिक्षण, बेकारभत्ता संपल्यावर प्रशिक्षणाच्या काळात ठराविक आठवडे भत्ता, दुसऱ्या गावी काम शोधायला आणि बिऱ्हाड हलवायला पैसे. २००२ च्या कायद्याने आजारपणाच्या विम्याचा ६५ टक्के हप्ता सरकार सोसू लागले. पन्नाशी उलटलेल्याला कमी पगाराचे काम मिळाले तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाची निम्मी रक्कम दोन वर्षे मिळे. दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०,००० डॉलर. पन्नाशीतल्या माणसाला नव्याने शिकणं सोपं नसतं, हे तिथे कायद्याने मान्य केलं.

आता एक गिरणगाव बघू. नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅनापोलिस नावाचे गाव आहे. कॅनन गिरणीने वसवलेले, टॉवेल आणि चादरींचे गाव. गिरणीची मालकी पुढे पिलोटेक्स कंपनीकडे गेली. पंचवीस वर्षांच्या झगड्यानंतर १९९९ साली तिथे युनियन जिंकली. ३० जुलै २००३ ला कंपनीच बंद झाली. त्या एका राज्यात सुमारे ४,८०० लोक बेकार झाले.

आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे असे आणखी एक. त्या दक्षिणेकडच्या गिरण्यांत काळ्या कामगारांना १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत यंत्रावर जवळजवळ घेतच नसत. झाडलोट, ओझी उचलणे हेच त्यांचे काम. आपल्या मुंबईच्या गिरण्यांत विणखात्याचे दार आपल्या वाडवडिलांना बंद होते, हे घराघरांत माहीत आहे. तिकडे दार उघडून चाळीस वर्षे होत नाहीत तोच गिरणीच गेली.

कॅनापोलिसच्या कामगारांना ही मदत मंजूर झाली. पण पुष्कळांचे शालेय शिक्षणच पुरे झालेले नव्हते. त्या वेळच्या नियमाने काम गेल्यापासून १६ आठवडे किंवा अर्ज मंजूर झाल्यापासून ८ आठवडे, यांतली जी तारीख नंतरची असेल तिच्या आत प्रशिक्षणात नाव घातले तरच भत्ता. ज्याला कागद वाचता आला, ज्याने चौकशी केली, त्याला मिळाले. जो घरात बसून वाट बघत राहिला, त्याची तारीख टळली.

आणि शेवटी योजनेचीच तारीख टळली. २०१५ च्या कायद्यात तिची मुदत लिहिलेली होती. १ जुलै २०२२ पासून कामगार खात्याने नवीन अर्जांवर निर्णय देणे थांबवले; आधी मंजूर झालेल्यांचे तेवढे चालू राहिले. संसदेत कोणी ती रद्द करा म्हणून मतदान केले नाही, नुसते नूतनीकरण केले नाही. आता वर्षे जुळवून बघा. १९६२, १९७४, १९९३, २००२, २०११, २०१५. परदेशाशी व्यापार वाढवायचे कायदे किंवा करार जेव्हा जेव्हा मंजूर करून घ्यायचे होते, तेव्हा तेव्हा ही मदत पुढे केली किंवा वाढवली. कामगाराची संमती हवी होती तोवर देणं चालू होतं. संमतीची गरज संपली, देणं थकलं.

आपल्याकडे काय? मुंबईच्या गिरण्या परदेशी कापडाने बुडवल्या असे मी म्हणणार नाही. १९८२ चा संप, मालकांची धोरणे, जमिनीचे भाव, यंत्रमाग, अशी कारणे वेगळी आहेत. पण कायम बंद पडलेल्या खाजगी गिरण्यांच्या कामगारांसाठी केंद्र सरकारने १५ सप्टेंबर १९८६ पासून पुनर्वसन निधी योजना लागू केली होती. पगाराच्या पहिल्या वर्षी ७५, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ टक्के. आपल्या वस्तीत किती जणांना तिचं नाव तरी माहीत होतं? १ एप्रिल २०१७ पासून ती राज्य विम्याच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली. म्हणजे विमा भरलेला नसेल तर दारच बंद. कंत्राटी पोरांनो, ऐकताय ना?

म्हणून माझं सांगणं थोडक्यात असं. हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, फंडाचा नंबर, विम्याचं कार्ड हे लग्नाच्या फोटोसारखं जपून ठेवा. नोटीस लागली की वकील, पुढारी कधी येतो याची वाट बघू नका. तिघे जण जमा, अर्ज लिहा, पोच घ्या. शिकलेल्या मुलामुलींनी दर रविवारी वंदनेनंतर तासभर बसून वस्तीतल्या लोकांचे कागद वाचून दाखवावेत. आणि कोणतीही योजना जाहीर झाली, तर रक्कम किती हे विचारण्याआधी तिची मुदत कधी संपते ते विचारा. त्या तारखेच्या आधी आपण रस्त्यावर असलो पाहिजे, नंतर नव्हे.



जय भीम! नमो बुद्धाय!