बोटीवरचा रिकामा दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी महिनाभर आधीच मला सांगून ठेवले होते की, "तुम्ही परदेशी जाऊन आलात, त्यावर चार शब्द बोला." पण परदेश मी पाहिला तो धावता. कोलंबो एक दिवस, पिनांग एक दिवस, सिंगापूर दीड दिवस. मनात राहिला आहे तो असा दिवस, की ज्या दिवशी कोणताच देश नव्हता. त्याचेच सांगते. चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

आमचा मुलगा बोटीवर स्वयंपाकखात्यात आहे हे तुम्हांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे. त्याच्या बोटीवर नोकरांच्या आईवडिलांना थोड्या खर्चात प्रवास करू देतात. म्हणून 2023 च्या मार्च महिन्यात आम्ही दोघे मुंबईला बॅलार्ड पिअरवर बोटीत चढलो. निघताना सासूबाईंनी डोळ्यांत पाणी आणले. त्यांचे माहेर रेवसच्या बाजूचे. 'रामदास' बोट 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला येताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ते त्या घरात अजून कोणी विसरलेले नाही. मी त्यांना बोटीवरून फोन करून सांगितले, की बोट सुटण्याआधीच सर्व उतारूंना जीवरक्षक जाकिटाची कवाईत करावी लागते, आणि तुमच्या चिरंजीवांनी ते उलटे घातले. तेव्हा कुठे त्या हसल्या.

माझ्या मनात मात्र दुसरेच होते. मुलाला समोर बसवून सांगायचे, की आता पुरे झाली बोट, घरी ये. फोनवर हे बोलणे नीट होत नाही. तो "बरं आई" म्हणतो आणि ठेवून देतो.

कोलंबो सोडल्यावर पिनांगपर्यंत मध्ये कुठे थांबायचे नव्हते. त्यातला दुसरा दिवस. सकाळी जाग आली ती सवयीने पाच वाजता. उठून बसले आणि काय करावे ते कळेना! पाणी भरायचे नाही, दूध यायचे नाही, डबा नाही. मी पलंगाची चादर झटकून घडी घातली, तर खोली आवरणारा इंडोनेशियाचा मुलगा आला आणि माझ्याकडे पाहून हात जोडू लागला. बहुधा त्याला वाटले असावे, त्याच्या कामात मी खोट काढली.

मग वर डेकवर गेले. आपला किनाऱ्याचा समुद्र नद्यांच्या गाळाने मातकट दिसतो. तिथे गाळ पोचत नाही आणि खाली तीन-चार हजार मीटर पाणी, त्यामुळे रंग निळीच्या दाट पाण्यासारखा. मार्चात वारा नव्हता. चहूकडे नुसती एक गोल रेघ, आणि आपण तिच्या मधोमध. बोट ताशी तीसएक किलोमीटर चालली होती, तरी ती रेघ काही जवळ येईना. एक पक्षी दिसेल तर शपथ! मात्र बोटीच्या बाजूने उडणारे मासे निघत. बोटभर लांबीचे, चंदेरी, दोन्ही बाजूंचे पर पसरून पाण्यावरून चांगले लांबवर जात आणि टपकन आत पडत. मी ते मोजत बसले. भगिनींनो, लग्नानंतर मी अशी काही मोजत बसल्याचे मला आठवत नाही.

दहाच्या सुमारास एका दिवाणखान्यात बायका विणकाम घेऊन जमल्या. मीही क्रोशाची सुई नेली होती. शेजारी एक इंग्रज आजीबाई बसल्या होत्या. त्यांना माझे बोलणे कळेना, मला त्यांचे. त्यांनी माझ्या हातातला रुमाल ओढून घेतला, उलटसुलट पाहिला, आणि आपल्या लोकरीच्या मोज्याची टाच कशी वळवायची ते मला करून दाखविले. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी एकमेकींचे एक-एक काम उसवले आणि नीट केले.

दुपारी कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून सांगितले, की आज रात्री घड्याळे एक तास पुढे करावीत. आपल्या व मलायाच्या वेळेत अडीच तासांचे अंतर आहे, ते असे रोज रात्री थोडे थोडे भरून काढतात. आम्हांला त्याची मौजच वाटली. एक तास कुठे गेला कोण जाणे!

जेवणानंतर उतारूंना स्वयंपाकघर दाखवायचे होते. आम्ही रांगेत गेलो. लखलखीत पोलादाची दालनामागून दालने. पिण्याचे पाणीसुद्धा समुद्राचे खारे पाणी बोटीच्या इंजिनाच्या उष्णतेने उकळवून, त्याची वाफ धरून करतात. बटाटे एका खरबरीत फिरत्या पिंपात टाकले की आपोआप सोलून निघतात. पण त्यांचे डोळे मात्र हाताने काढावे लागतात. ते काढीत आमचा मुलगा उभा होता. घरी पाण्याचा पेला हाताने न घेणारा! त्याने मान वर केली, मागे उभ्या साहेबाकडे पाहिले आणि मला म्हणाला, "गुड आफ्टरनून, मॅडम." मीही "गुड आफ्टरनून" म्हटले. पुढे काय दाखविले ते मला दिसले नाही.

संध्याकाळी परवानगी काढून तो अर्धा तास वर आला. तेव्हा कळले, की उतारूंचा जो रिकामा दिवस तो स्वयंपाकघराचा सर्वांत जड दिवस. बंदर असले की अर्धे लोक बाहेर जेवतात. समुद्रावर दोन हजार माणसे दिवसभर खातच असतात. करार सात महिन्यांचा, त्यात रविवार नाही. खलाशांसाठी 2006 साली जागतिक करार झाला आहे. 24 तासांत निदान 10 तास विश्रांती दिलीच पाहिजे, पण तिचे दोन तुकडे करता येतात, त्यांतला एक 6 तासांचा हवा. (आपल्यासाठी असा करार कोणी केला तर सही करायला पहिली मी!) आणि ज्या तासाची आम्हांला मौज वाटली होती, तो म्हणे ह्यांच्या झोपेतून जातो.

मी म्हटले, "अरे, मग घरी ये ना."

तो म्हणाला, "आई, अजून दोन करार केले की हेड कुकच्या हाताखाली जाईन. बटाट्यापर्यंत यायलाच मला दीड वर्ष लागलंय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी महिनाभर घोकलेले भाषण मला आठवेना. त्याचे हात पाहिले. बोटांना पाण्याने सुरकुत्या पडल्या होत्या, माझ्यासारख्याच.

"वीस मिनिटं पडतो. उठव हं, नाहीतर दंड होईल," असे म्हणून तो माझ्या शेजारच्या आरामखुर्चीत आडवा झाला आणि बोलता बोलता झोपला. सूर्य पाण्याला टेकत होता. लोक कठड्याशी जमून फोटो काढीत होते. मी त्या दिवशीचा सूर्यास्त पाहिला नाही. घड्याळ हातात धरून बसले होते. वीस मिनिटे झाली, एकविसावे झाले, बाविसावे झाले. मग त्याच्या खांद्याला हात लावून मी त्याला उठविले.